इंजिनाचा सांगाडा आणि विद्युत् मोटर : दूरनियंत्रित प्रतिकृती-ट्रकच्या रूपांतराचा इतिहास

खेळण्याचा इतिहास हा गंभीर अभ्यासाचा विषय नव्हे, अशी एक समजूत आढळते. ती सर्वस्वी खरी मानता येत नाही. मोठ्या यंत्रांच्या बाबतीत जे परिवर्तन घडावयास दोन पिढ्या लागतात, ते लहान यंत्रांत पाच-दहा वर्षांत घडून जाते आणि त्यामुळे त्याचा क्रम अधिक स्पष्टपणे न्याहाळता येतो. रेडिओलहरींच्या साहाय्याने दुरून चालविला जाणारा, मूळ मिथेनॉलवर चालणाऱ्या इंजिनासाठी रचलेला आणि पुढे त्याच्या धन्याने इंजिन काढून विद्युत् मोटरीवर आणलेला छोटा ट्रक हे या दृष्टीने एक उत्तम उदाहरण होय. एका शक्तिसाधनासाठी बांधलेल्या सांगाड्यात दुसरे शक्तिसाधन बसविले म्हणजे बदल तेथेच थांबत नाही. जो भाग पूर्वी कधी मोडत नसे तो मोडू लागतो. तो बळकट केला की त्याच्या शेजारचा मोडतो. या ट्रकांच्या सुधारणेचा इतिहास म्हणजे बहुतांशी या दुर्बलतेच्या स्थलांतराचा इतिहास आहे.

दूरनियंत्रित वाहन आणि वीज यांचा संबंध मुळात नवा नाही. निकोला टेस्ला याने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जी नियंत्रित नौका दाखविली, ती बॅटरीवरच चालत होती, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तिचे अमेरिकन पेटंट त्याला मिळाले. मोटारगाड्यांच्या प्रतिकृतींबाबत शिझुओका येथील तामिया या जपानी संस्थेचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. तिने १९७६ मध्ये पोर्श ९३४ ची एक-बारांश प्रमाणातील विजेवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली आणि १९७९ मध्ये वाळू-मातीत धावणाऱ्या दोन गाड्या काढल्या. त्यानंतर १९८७ मध्ये आलेला ‘क्लॉड बस्टर’ हा प्रचंड चाकांचा ट्रक चारही चाकांनी ओढणारा व चारही चाकांनी वळणारा होता. त्याच्या प्रत्येक कण्यावर एक अशा दोन मोटरी बसविलेल्या होत्या.

असे असूनही, पुढील दशकात ज्याला खरोखर दणकट ट्रक हवा असे तो इंजिनाकडे वळे. याचे कारण विजेच्या साठवणुकीत होते. १९८० च्या सुमाराची प्रचलित बॅटरी म्हणजे सहा निकेल-कॅडमियम घटांची माळ : दाब ७·२ व्होल्ट, धारणा साधारण १·२ अँपिअर-तास. गुणाकार केला तर जेमतेम साडेआठ वॅट-तास ऊर्जा हाती येते. त्यातही वेगाचे नियंत्रण यांत्रिक पद्धतीचे असे. सर्व्होची भुजा एका रोधावरून फिरे आणि वेग दोन-तीन टप्प्यांत कमी-जास्त होई. उरलेली वीज रोध तापविण्यात खर्च होई. म्हणजे हळू चालणारी गाडी ही बव्हंशी एक लहानशी शेगडीच होती.

इंजिनाची बाजू याच्या उलट होती. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगण तेल यांच्या मिश्रणावर चालणारे दोन-धावी इंजिन आकाराने मुठीएवढे असले तरी इंधनाची टाकी भरली की लगेच पुन्हा धावावयास सिद्ध होई. टेक्सासमधील ट्रॅक्सस या कंपनीने १९९९ मध्ये ‘टी-मॅक्स’ हा दोन वेगांचा व मागेही जाणारा ट्रक आणला. २००२ मध्ये एचपीआयचा ‘सॅव्हेज’ आला. ०·२१ घनइंचाचे, म्हणजे सुमारे साडेतीन घनसेंटिमीटरचे इंजिन आणि उभ्या दोन अॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये साधलेला त्याचा सांगाडा यांची कीर्ती अल्पावधीत पसरली. पुढील रूपांतराच्या प्रयोगांना आधार म्हणून हे दोन सांगाडे वारंवार वापरले गेले.

येथे इंजिनाचा एक गुणधर्म ध्यानात घेणे अवश्य आहे, कारण पुढील सारे प्रकरण त्यावर उभे आहे. दोन-धावी इंजिन कमी फेऱ्यांवर जवळजवळ निर्बल असते; त्याचा जोर बऱ्याच वरच्या फेऱ्यांत प्रकट होतो. म्हणून इंजिन व चाके यांच्यामध्ये केंद्रोत्सारी क्लच घातलेला असतो. फेरे वाढले की त्याचे बूट बाहेर फाकतात, घंटेसारख्या वाटीला घासतात आणि मग गाडी हलते. हे घर्षण म्हणजे अपव्यय असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. वस्तुतः तो दंतचक्रांचा पहारेकरी होता. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत हळूहळू, हप्त्याहप्त्याने पोहोचत असे आणि रचनाकारांनी दात, दांडे व सांधे त्या हप्त्यांच्या हिशेबानेच बेतलेले होते.

इंजिनाचे दोषही थोडेथोडके नव्हते. हवामान बदलले की कार्बुरेटरची सुई पुन्हा जुळवावी लागे. ग्लो-प्लगची तार जळे. तेलाचा चिकट थर सर्वत्र बसे. आणि आवाज इतका की वस्तीत ट्रक चालविणे म्हणजे शेजाऱ्यांशी वैर. कारखानदारांना हे माहीत होते. टी-मॅक्सच्या पाठोपाठ त्याच घाटणीवर आलेला ‘ई-मॅक्स’ हा दोन मोटरींचा व दोन बॅटऱ्या जोडून १४·४ व्होल्टांवर चालणारा ट्रक हे त्याचेच फळ. परंतु त्याच्या मोटरी कार्बनच्या ब्रशांच्या होत्या. ब्रश झिजत, दिक्परिवर्तक काळा पडे, आणि निकेलच्या बॅटऱ्या मोठा प्रवाह मागितला की दमून जात. इंजिनवाल्यांना हिणवण्याजोगे त्यात बरेच होते.

हा समतोल बिघडला तो खेळण्यांच्या क्षेत्राबाहेर लागलेल्या शोधांमुळे. निओडिमियम, लोह व बोरॉन यांचा प्रबळ लोहचुंबक १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जपानमधील सुमितोमो आणि अमेरिकेतील जनरल मोटर्स येथे स्वतंत्रपणे सिद्ध झाला. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन घट विक्रीस आणला. त्याचा चपट्या पाकिटातील अवतार, ज्यास व्यवहारात ‘लायपो’ म्हणतात, तो हलका असून मोठा प्रवाह देऊ शकणारा निघाला. त्याचबरोबर मोठे प्रवाह क्षणार्धात चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले. या तिहींच्या संगमातून ब्रशविरहित मोटर व तिचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक खेळण्याच्या आवाक्यात आले. या मोटरीत लोहचुंबक फिरतो व गुंडाळ्या स्थिर राहतात. त्यामुळे घासणारे काही उरत नाही. सहा लायपो घटांची, २२·२ व्होल्ट व ५ अँपिअर-तासांची माळ १११ वॅट-तास ऊर्जा धारण करते. वर सांगितलेल्या साडेआठ वॅट-तासांशी तुलना केली असता ही वाढ तेरापट भरते.

रूपांतराचे काम वर्णनात सोपे वाटते. इंजिन, टाकी, धुराडे, हवागाळणी व कार्बुरेटर उघडणारा सर्व्हो उतरवून त्या जागी एक जाड अॅल्युमिनियमची पट्टी बसवावयाची, तीवर मोटर आवळावयाची, आणि क्लचच्या वाटीवरील दातांऐवजी मोटरीच्या दांड्यावर लहान दंतचक्र चढवावयाचे. दोन चक्रांमधील अंतर बरोबर साधण्यासाठी हौशी कारागीर दातांमध्ये कागदाची पट्टी धरतात, मोटर तीवर दाबून स्क्रू आवळतात आणि मग कागद ओढून घेतात. कागदाच्या जाडीएवढी फट उरते. एवढ्या साध्या युक्तीवर हजारो दंतचक्रांचे आयुष्य अवलंबून राहिले आहे! तारा मात्र जाड हव्यात व त्यांचा डाख पक्का हवा. कच्चा डाख प्रवाहाने तापून सुटतो. जुन्या पांढऱ्या प्लास्टिकच्या जोडण्या याच कारणाने वितळत आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या जोडण्यांनी त्यांची जागा घेतली.

पण ट्रक प्रथम धावला त्याच दिवशी खऱ्या अडचणीस प्रारंभ होई. विद्युत् मोटरीचा पीळ स्थिर अवस्थेतच सर्वांत अधिक असतो. आता क्लच नव्हता. हप्त्याने येणारी रक्कम एकदम अंगावर आली. जुन्या जुवाला दुप्पट जोमाचा बैल जोडावा, तसे झाले. प्रथम मधले मोठे दंतचक्र बळी पडले, कारण ते प्लास्टिकचे होते. त्याऐवजी पोलादी बसविले, तेव्हा जोर पुढे डिफरन्शलपर्यंत पोहोचला आणि तेथील तिरके दात तासून निघाले. एचपीआयने सॅव्हेजसाठी २९ व ९ दातांचा जो भक्कम संच काढला, त्याचे नावच ‘बुलेटप्रूफ’ ठेवले. त्यातील तत्त्व एवढेच की दात संख्येने कमी परंतु जाड असावेत. डिफरन्शल टिकले, तर चाकाकडे जाणारे दांडे पिळवटले. ई-मॅक्सचे एकात एक सरकणारे प्लास्टिकचे दांडे तर ब्रशविरहित मोटरीपुढे मुळीच टिकत ना. त्यांच्या जागी पोलादी सांध्यांचे दांडे आले. दांडे टिकले, तेव्हा चाकांच्या षट्कोनी तुंब्यांचे कोपरे झिजले. तुंबे धातूचे केल्यावर अखेर टायर उरले. भरवेगात केंद्रोत्सारी प्रेरणेने ते फुग्यासारखे फुगत व फाटत. म्हणून आतून चिवट कापडी चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धत पडली. मोटरीपासून मातीपर्यंतचा हा प्रवास अनेक ट्रकांनी याच क्रमाने केला आहे.

मोटरीची निवड हाही वादाचा विषय होता. ‘केव्ही’ हा अंक एका व्होल्टास मोटर मिनिटाला किती फेरे घेते ते सांगतो. २२०० केव्हीची मोटर २२·२ व्होल्टांवर भाररहित अवस्थेत सुमारे ४८,८०० फेरे घेईल. आरंभीच्या काळात अनेकांची धाव अधिक केव्हीकडे असे. हा मार्ग चुकीचा होता. एक हजार वॅट शक्ती १४·४ व्होल्टांवर घ्यावयाची तर सुमारे ६९ अँपिअर प्रवाह लागतो, २२·२ व्होल्टांवर ४५ पुरतो. आणि तारांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गानुसार वाढत असल्याने पहिल्या व्यवस्थेत ती दुसरीच्या दुपटीहून अधिक होते. तात्पर्य, घट वाढवून केव्ही कमी ठेवणे हेच हिताचे. ही गोष्ट गणिताने अगोदर कळण्यासारखी होती. प्रत्यक्षात ती बहुधा जळालेल्या नियंत्रकांनी शिकविली.

याहून सूक्ष्म दोष ग्राहकयंत्राचा होता. त्याला व सर्व्होला लागणारी वीज मुख्य नियंत्रकातूनच येत असे. मोटरीने एकाएकी मोठा प्रवाह ओढला की दाब कोसळे, ग्राहकयंत्र क्षणभर बंद पडे, आणि सहा-सात किलो वजनाचा ट्रक कोणाचेही न ऐकता धावत सुटे. म्हणून सर्व्होसाठी स्वतंत्र दाबनियामक बसविणे ही चैन नव्हती, ती सुरक्षिततेची गरज होती.

कारखान्यांचे उत्तर थोडे उशिरा आले. कॅन्सस राज्यातील कॅसल क्रिएशन्सने सहा लायपो घट पेलणारा नियंत्रक खास मोठ्या ट्रकांसाठी काढला, आणि २००९ मध्ये एचपीआयने ‘सॅव्हेज फ्लक्स’ सादर केला. हा सॅव्हेजच होता : तेच दोन उभे पत्रे, तीच चाकांची रचना, मात्र इंजिनाच्या जागी मोटर, दोन्ही बाजूंना बॅटरीच्या पेट्या, आणि बळकट केलेली दंतचक्रे. या ट्रकाला विद्युत् ट्रकांच्या इतिहासातील आरंभबिंदू मानण्याची प्रथा आहे. ती ग्राह्य धरणे कठीण आहे. कोणता भाग कोठे मोडतो, हे ज्ञान त्यापूर्वीच घराघरांतील कामाच्या टेबलांवर, स्वतःच्या खर्चाने मोडलेल्या भागांच्या रूपाने गोळा झाले होते. कारखान्याने त्या ज्ञानाला साचा दिला, आणि साचा देणे हेही लहान काम नव्हे. परंतु मोडतोडीची किंमत प्रथम कोणी भरली, याचा निर्देश केल्याविना हा इतिहास अपुरा राहतो.

लायपो घटाचा धोका वेगळा सांगावयास हवा. प्रत्येक घट ४·२ व्होल्टांवर पूर्ण भरतो. त्याहून अधिक भरल्यास तो पेट घेऊ शकतो, आणि ३ व्होल्टांखाली उतरल्यास कायमचा बिघडतो. निकेलचा घट रात्रभर विसरला तरी बहुधा फक्त तापे. या नव्या घटाने विसराळूपणाला क्षमा ठेवली नाही. प्रत्येक घटाचा दाब स्वतंत्र मोजणारा चार्जर, अग्निरोधक पिशवी, आणि ट्रक उभा ठेवताना घट सुमारे ३·८ व्होल्टांवर राखणे, हे नियम त्यातून रूढ झाले.

बळकटीकरणाच्या या ओघात एक अतिरेकही झाला. नायलॉनची प्रत्येक भुजा काढून तेथे चकचकीत अॅल्युमिनियमची बसविण्याची हौस काही वर्षे जोरात होती. नायलॉन आघाताने वाकून पुन्हा पूर्ववत् होते. अॅल्युमिनियम वाकले की वाकलेलेच राहते, आणि न वाकल्यास आघात सरळ आतल्या महागड्या भागाकडे पाठविते. चार पैशांची भुजा वाचवून गिअरपेटीचे कवच फोडणारे ट्रक मग दुरुस्तीस येऊ लागले. जाणत्यांनी त्यामुळे भुजा पुन्हा नायलॉनच्या केल्या आणि मोठ्या दंतचक्रापाशी असलेल्या घर्षण-तबकडीच्या स्प्रिंगवरील नट थोडा सैल ठेवावयास आरंभ केला. मोटरीचा झटका आला की ती तबकडी क्षणभर घसरते, मग पकडते. इंजिनाबरोबर काढून टाकलेल्या क्लचचे काम तेथे दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या नावाने पुन्हा सुरू झालेले दिसते.