दारावरचे नाव

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने शिरोडा इतिहासात गेला. मिठागरांत पिढ्यान्‌पिढ्या मीठ काढणारे मात्र इतिहासाबाहेरच राहिले. प्राचीन कलाही आपण वर्गात अशीच शिकवतो. अथेन्स म्हणजे पेरिक्लिस, लेणी म्हणजे सातवाहन! शिलालेख वेगळे बोलतात.

अथेन्सच्या इरेक्थिऑन मंदिराचे इ.स.पू. ४०९ ते ४०७ या काळातले हिशेब दगडावर कोरलेले आहेत. नागरिक, परके रहिवासी आणि गुलाम तेथे एकाच कामावर दिसतात, पुष्कळदा रोजच्या एका द्राख्माच्या सारख्याच मजुरीवर. पण ही समता मजुरीपुरती. गुलामाच्या नावाला धन्याचे नाव जोडलेले आहे.

आता कार्ल्याचे चैत्यगृह पाहा. धेनुकाकटाच्या यवनांनी तेथे खांब दान दिले. त्याच गावच्या सुतार सामीचा लेख दाराशी आहे: हे दार त्याने केले. ओळख म्हणून तो बापाचे, वेणुवासाचे नाव सांगतो, धन्याचे नव्हे. पुढे ज्या समाजाने कारागिराला बलुत्याच्या हिशेबात कोंडले, त्याच समाजातला हा लेख!

तरी भाबडेपणा नको. सामी सुतार होता. डोंगर फोडणाऱ्या पाथरवटांची अथेन्ससारखी यादी कार्ल्याला नाही.