लघवीची पट्टी वाचायची कुणी?

आज विषय लघवीच्या तपासणीचा. नाक मुरडू नका, ऐका.

आमच्या खोडदच्या शिवारात जीएमआरटीच्या तबकड्या आहेत, एकेक 45 मीटर व्यासाची. तिथं गेलात की मोबाईल बंद. नाहीतर आकाशातला क्षीण संदेश गोंगाटात बुडतो. दवाखान्याच्या लॅबमध्येही असंच क्षीण काहीतरी शोधायचं असतं.

माझी आत्या लॅब टेक्निशियन. तिच्या सुरुवातीच्या काळात साखर बघायची म्हणजे टेस्ट ट्यूबमध्ये 5 मिली निळं बेनेडिक्ट द्रावण, त्यात लघवीचे 8 थेंब, आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, विटकरी होत गेलं की साखर जास्त. पण बाळंतिणीच्या लघवीत लॅक्टोज उतरलं तरी रंग बदलायचा!

1956 मध्ये अमेरिकेत हेलन आणि अल्फ्रेड फ्री या जोडप्यानं बुडवून वाचायची पट्टी आणली. तिच्यातलं एन्झाइम फक्त ग्लुकोज ओळखतं. पुढे एकाच पट्टीवर दहा चौकोन आले, आणि वाचायच्या वेळा वेगवेगळ्या: साखर 30 सेकंदांनी, प्रथिनं 60, पांढऱ्या पेशी 2 मिनिटांनी. आता ओपीडीच्या गर्दीत, ट्यूबलाइटखाली, थकलेल्या डोळ्यांनी ठरवा, प्रथिनं 'ट्रेस' आहेत की 'एक प्लस'? गरोदर बाईचं बीपी वाढलेलं असेल तर हा फरक म्हणजे खेळ नाही. पुढे आकडी येऊ शकते, आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं.

इथं यंत्र कामाला आलं. ते चौकोनावर उजेड टाकतं, किती परत आला ते मोजतं, घड्याळही स्वतःच सांभाळतं. आत्याच्या लॅबमध्ये ते आलं तेव्हा काही आठवडे प्रत्येक नमुना हातानंही वाचला, यंत्रानंही. मला हेच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. कारण क्षयाच्या गोळ्यांनी लघवी नारिंगी झाली की यंत्र रंगात फसू शकतं, आणि व्हिटॅमिन सी भरपूर घेतलं असेल तर पट्टीवरची साखर लपते.

1980 च्या दशकात पेशींचे फोटो काढणारी यंत्रंही आली. तरी संशयास्पद नमुना अजून मायक्रोस्कोपखालीच जातो.

आणि बाटली सकाळी घरी भरून एसटीनं आलेली असते. दोन तास उलटले की जंतू वाढतात, पेशी फुटतात. यंत्राला ते कुठून कळणार? आत्या मात्र बाटली हातात घेण्याआधीच विचारायची, "कधी भरलीस गं?"