गिझर गरम पाणी देतोय, पण तो सुरक्षित आहे का? गिझर कसा चालतो, कशाने बिघडतो आणि त्याची देखभाल कशी करायची?

थंडी सुरू झाली की घरातला गिझर रोज चालू होतो. नळाला गरम पाणी येतंय ना, मग गिझर ठीक आहे, असं बहुतेक घरांत गृहीत धरलं जातं. पंख्याचा आवाज आला की लक्षात येतं, फ्रिज थंड करेनासा झाला की लगेच कळतं. गिझरचं तसं नाही. त्यातला सुरक्षेचा भाग निकामी झाला तरी पाणी आधीसारखंच गरम येत राहतं, त्यामुळे बिघाड कळायला उशीर होतो. म्हणूनच विजेवर चालणारा गिझर आणि गॅस गिझर यांचं काम कसं चालतं, धोका नेमका कुठे असतो आणि कधी काय तपासायचं, हे माहीत असायला हवं.

‘गिझर’ हे नाव आलं कुठून?

आइसलँडमध्ये जमिनीतून उसळणारा गरम पाण्याचा एक प्रसिद्ध झरा आहे. त्याचं नाव ‘गेसिर’. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉगन यांनी गॅसवर पाणी तापवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि त्याला ‘गिझर’ हे नाव दिलं. त्या यंत्रात एक मोठी उणीव होती. जळालेला गॅस बाहेर जायला धुरांडंच नव्हतं, सगळा वायू न्हाणीघरातच सुटायचा.

आपल्याकडच्या तांब्याच्या बंबाला मधोमध नळी असायची आणि धूर त्यातून वर जायचा. लाकूड, गोवऱ्या नीट पेटल्या नाहीत तर डोळे चुरचुरायचे, ठसका लागायचा आणि माणूस आपोआप दार उघडायचा. गॅसच्या स्वच्छ दिसणाऱ्या ज्योतीत असा इशारा मिळत नाही. मॉगन यांच्या यंत्रातली ती उणीव आजही अनेक बाथरूममध्ये तशीच आहे.

विजेच्या गिझरच्या आत काय असतं?

आत एक बंद टाकी असते. थंड पाणी एका नळीतून तळाशी येतं, कॉइल ते तापवते आणि गरम पाणी हलकं असल्यामुळे वर जमतं. गरम पाण्याची नळी वरच्या भागातून पाणी उचलते. टाकीभोवती उष्णता धरून ठेवणारा थर असतो.

सुरक्षेसाठी यात एकामागे एक अशी तीन साधनं असतात :

- थर्मोस्टॅट : ठरलेल्या तापमानाला कॉइल बंद करतो.
- थर्मल कटआउट : थर्मोस्टॅट चिकटून बसला आणि पाणी तापतच राहिलं, तर हा वीज तोडतो.
- सेफ्टी व्हॉल्व्ह : टाकीतला दाब मर्यादेपलीकडे गेला तर पाणी बाहेर सोडतो.

तिन्ही एकाच वेळी निकामी झाली, तर बंद टाकीतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊ शकतं. अशी टाकी फुटली की त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते. गिझर ‘फुटतो’ तो असा.

सेफ्टी व्हॉल्व्ह टपकतोय, बूच मारावं का?

अजिबात नाही. तापल्यावर पाणी प्रसरण पावतं. १५ लीटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापवलं, तर ते साधारण पाव लीटरने वाढतं. पाणी उलट्या दिशेने पाइपात जाऊ नये अशी झडप बसवलेली असेल, तर हे वाढीव पाणी व्हॉल्व्हमधून थेंबाथेंबाने बाहेर येतं. ते योग्यच आहे.

भिंत ओली होते म्हणून तिथे बूच मारणं किंवा व्हॉल्व्ह काढून साधा जोड बसवणं म्हणजे शेवटचा सुरक्षा उपाय स्वतःच्या हाताने काढून टाकणं. त्यापेक्षा व्हॉल्व्हच्या तोंडाला बारीक नळी लावून ती खाली जाळीपर्यंत आणावी. तिचं टोक मात्र कायम उघडं हवं. गिझर बंद असतानाही सतत धार लागत असेल, तर व्हॉल्व्ह खराब झालाय किंवा इमारतीतल्या पाण्याचा दाब जास्त आहे, असं समजून प्लंबरला बोलवावं.

बोअरचं पाणी गिझर का खातं?

राज्यात अनेक सोसायट्या बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर चालतात. अशा पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरेचदा जास्त असतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लीटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरं पाणी उपलब्धच नसेल, तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं.

पाणी तापलं की विरघळलेल्या क्षारांचा काही भाग घट्ट होऊन कॉइलवर बसतो. चहाच्या किटलीत जमतो तोच हा पांढरा थर. तो उष्णता अडवतो, कॉइल आतून जास्त तापते आणि शेवटी तिचं आवरण तडकतं. पाणी तापताना टाकीतून कडकड, खदखद असा आवाज येऊ लागला, तर क्षार साचल्याची शक्यता मोठी.

याच टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, तिला अॅनोड रॉड म्हणतात. पाण्यामुळे होणारी झीज ही कांडी स्वतःवर घेते आणि टाकीचं लोखंड वाचतं. कांडी संपली की गंज टाकीला लागतो. कठीण पाण्याच्या भागात ती दरवर्षी उघडून पाहावी आणि बारीक झाली असेल तर बदलावी. ही कांडी नव्या टाकीच्या मानाने फारच स्वस्त असते, पण ‘सर्व्हिसिंग’ झालं म्हणताना नेमकी तीच पाहायची राहते.

पाण्याला करंट लागतोय

कॉइलचं आवरण तडकलं की वीज थेट पाण्यात उतरू शकते. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येणं ही छोटी तक्रार नाही. गिझर तिथेच बंद करून दुरुस्तीशिवाय पुन्हा लावू नये.

२ किलोवॉटचा गिझर सुमारे ९ अँपिअर आणि ३ किलोवॉटचा १३ अँपिअर वीज ओढतो. त्यामुळे ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर तो कधीच लावू नये. १६ अँपिअरचा सॉकेट, जाड वायर आणि नीट अर्थिंग हवं.

एमसीबी आहे म्हणजे शॉकपासून बचाव होईल, हाही गैरसमज आहे. एमसीबी वायरिंगला वाचवतो. माणसाला वाचवण्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. वीज गळतेय हे लक्षात येताच तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्यावर ‘टेस्ट’ असं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबावं. वीज गेली नाही, तर आरसीसीबी बदलायला हवा.

गॅस गिझर : दहा मिनिटांत काय होतं?

नळ उघडताच पाण्याच्या दाबाने गॅसची झडप उघडते, सेलवर ठिणगी पडते आणि बर्नर पेटतो. मिनिटाला ६ लीटर पाणी २५ अंशांनी तापवायचं, तर त्याला १० किलोवॉटहून जास्त उष्णता लागते. म्हणजे विजेच्या पाच गिझरांइतकी. त्यासाठी दर मिनिटाला साधारण १६ ग्रॅम एलपीजी जळतो.

४ बाय ६ फुटांची, ९ फूट उंचीची बाथरूम धरू. तिच्यातल्या हवेत जवळपास १,३०० लीटर ऑक्सिजन असतो. दार-खिडकी बंद ठेवून गिझर दहा मिनिटं चालला, तर त्यातला तब्बल एक तृतीयांश ऑक्सिजन जाळायला लागतो. ऑक्सिजन कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो आणि गॅस जळताना तेही जळून जातं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, पण मेंदूला ऑक्सिजन पोहोचत नाही. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. अनेकदा कडी काढायचीही ताकद उरत नाही. भारतात अशा घटना इतक्या वेळा दिसल्या की डॉक्टरांच्या लेखनात त्यांना ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असं नावच पडलं.

घरातले एकापाठोपाठ एक आंघोळ करत असतील, तर मागून जाणाऱ्याला धोका जास्त, कारण आतली हवा आधीच खराब झालेली असते.

यावर खरा उपाय एकच. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळी हवा येणाऱ्या गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर लावावा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत न्यावा. नुसता एक्झॉस्ट फॅन पुरेसा नाही. काही मॉडेलमध्ये ठरावीक मिनिटांनी बंद होण्याची सोय असते, पण ती मोकळ्या हवेची जागा घेऊ शकत नाही. ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसली किंवा गिझरवर काजळी धरली, तर बर्नर साफ करून घेईपर्यंत वापर थांबवावा.

कोणी आत बेशुद्ध पडलं तर?

दार तोडून आधी माणसाला मोकळ्या हवेत आणा, मग गॅस बंद करा. आत जाणाऱ्याने श्वास रोखून झटपट काम करावं आणि दार-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. १०८ किंवा ११२ वर फोन करा. श्वास थांबला असेल, तर येत असल्यास सीपीआर सुरू करा.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं आणि आकडा नॉर्मल दिसू शकतो. माणूस शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यावंच आणि ‘गॅस गिझर चालू होता’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

नवा गिझर घेताना

- किती लीटरचा? ६० अंशांचं १५ लीटर पाणी २० अंशांच्या तेवढ्याच पाण्यात मिसळलं, तर अंघोळीजोगं ३० लीटर पाणी मिळतं, म्हणजे १५ लीटरच्या दोन बादल्या.
- वीज किती? १५ लीटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट आणि २ किलोवॉटच्या गिझरला १८ ते २० मिनिटं लागतात. दिवसभर बटण चालू ठेवायची गरज नसते.
- स्टार कशाचे? चालू ठेवलेल्या गिझरची किती उष्णता वाया जाते, यावर ते ठरतात. जास्त स्टार म्हणजे पाणी जास्त वेळ गरम.
- इमारत किती उंच? पाण्याची टाकी दर १० मीटर वर गेली की दाब १ बारने वाढतो. उंच इमारतीत खालच्या मजल्यांसाठी ८ बार दाब सोसणारा गिझर घ्यावा.
- गच्ची मोकळी आहे? सोलर हीटरचा विचार करा, पण क्षार त्याच्या नळ्यांतही साचतात. तो वर्षातून एकदा धुऊन घ्यावाच लागतो.

कधी काय तपासायचं?

- दर महिन्याला : आरसीसीबीचं टेस्ट बटण, प्लग आणि सॉकेट काळे पडलेत का, गॅसची ज्योत निळी आहे का.
- थंडीपूर्वी दरवर्षी : टाकीतले क्षार काढणं, अॅनोड रॉड, थर्मोस्टॅट, सेफ्टी व्हॉल्व्ह, गॅस गिझरचा बर्नर.
- पाच वर्षांनी : गॅसची सुरक्षा नळी. तिच्यावर मुदत छापलेली असते, ती संपली की नळी बदलावी.

सर्व्हिसिंगसाठी माणूस आला की त्याला ‘पाणी गरम येतं का बघा’ एवढंच सांगू नका. अॅनोड रॉड बाहेर काढून दाखवायला आणि सेफ्टी व्हॉल्व्हची कळ उचलून पाणी सुटतं का ते तपासायला सांगा. आणि गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल, तर तो बाहेर हलवण्याचं काम सर्व्हिसिंगच्याही आधी करून घ्या.