इंचभर वाळूची कुळकथा

फाटकापासून गाडी लावायच्या जागेपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले, की घरात चर्चा रंगते ती ब्लॉकच्या रंगाची आणि नक्षीची. खाली काय पसरायचे ते ठेकेदार ठरवतो. तो बहुधा क्रशरवरची बारीक कच आणतो. ती स्वस्त असते आणि दाबली की छान घट्ट बसते. पुढे चाकांच्या वाटेवर चर पडतात आणि बोल मात्र ब्लॉकला लागतो.

ब्लॉकखाली वाळू अंथरण्याची रीत घडवली ती नेदरलँड्सने. तिथली बरीच गावे पीटच्या, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ जमिनीवर वसली आहेत आणि ती जमीन खचत राहते. हाउडासारख्या शहरात रस्ते पुन्हा पुन्हा उंच करावे लागतात. अशा ठिकाणी चुन्यात किंवा सिमेंटात जखडलेली फरसबंदी तडकणारच. म्हणून तिथे भाजलेल्या विटा वाळूवर मोकळ्या बसवल्या. रस्ता खचला की विटा उचलायच्या, वाळू भरायची, त्याच विटा परत लावायच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणीसाठीच विटा पुरेनात, तेव्हा रस्त्यासाठी त्याच मापाचे काँक्रीटचे ठोकळे आले. वीट गेली, पण वाळूचा थर तसाच राहिला. पुढे जर्मनीत एकमेकांत अडकणारे नागमोडी कडांचे ठोकळे निघाले आणि तिथून ही पद्धत जगभर पसरली.

वाळू कशी हवी, याचे एक उत्तर त्याआधीच ब्रिटनमध्ये मिळाले होते. १८१६ साली ब्रिस्टलच्या रस्त्यांचा कारभार हाती घेतलेल्या जॉन मॅकअॅडम यांचा आग्रह होता, की रस्त्यात फोडलेली, कोनेदार खडीच घालावी, तिच्यात माती मिसळू नये. कोन एकमेकांत रुततात. माती पाणी धरते आणि सगळे सैल करते. ते खडीबद्दल बोलत होते, पण वाळूच्या कणालाही हाच न्याय लागू पडतो.

ब्लॉकखालचा थर साधारण २५ ते ४० मिलिमीटरचा असतो. वाळू फळीने सपाट ओढायची, पण ब्लॉक लावण्याआधी दाबायची नाही. ब्लॉक मांडून वरून प्लेट कॉम्पॅक्टर फिरवला, की खालची वाळू थोडी सांध्यांत चढते. वरून झाडूने लोटलेली बारीक वाळू तिला येऊन मिळते. ब्लॉक एकमेकांना धरतात ते या घर्षणाने. १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन नॅप्टन यांनी चाचण्या घेतल्या, त्यांत असे सांधलेले ब्लॉक भार आजूबाजूला वाटून देतात हे दिसले.

कचीत जास्त पीठ असले तर नेमके हेच बिघडते. पीठ म्हणजे ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून गळणारी भुकटी. ती पाणी सोडत नाही. ओल्या थरावर चाक वारंवार गेले, की तिचा रबडा होतो आणि सांध्यांतून वर येतो. आपल्याकडे पावसाचे पाणी महिनोन्महिने मुरत असते, त्यामुळे ही चूक इथे लवकर उघडी पडते.

म्हणून माझी निवड धुतलेली, जाडसर, कोनेदार क्रश सँड. परीक्षा अगदी सोपी आहे: काचेच्या बाटलीत मूठभर वाळू आणि पाणी घालून हलवा. वाळू तळाशी बसून पाणी लवकर निवळले तर ती घ्या. बराच वेळ गढूळ राहिले तर परत पाठवा. पाणी जमिनीत जिरवायचे असेल, तर वाळूऐवजी पीठ नसलेली बारीक चिप्स खाली आणि सांध्यांतही घालतात. त्यासाठी खालचा पायाही मोकळ्या खडीचाच लागतो.

सिमेंट मिसळलेला कोरडा माल पक्का म्हणून सुचवला जातो. मला तो घराच्या वाटेसाठी पटत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वरचा कडक थर तडकला की दुरुस्तीला फोडावाच लागतो. पाण्याची पाइप बदलायची वेळ आली तरी तेच. आणि मुरूम किंवा खडीचा पाया खड्ड्याखड्ड्यांचा असेल, तर जादा वाळूने तो भरून काढू नका. जिथे वाळू जाड, तिथेच ती अधिक दबते. पाया आधी नीट दाबून घ्या, त्याला उतार द्या, कडेला काँक्रीटची भक्कम पट्टी बांधा, म्हणजे वाळू बाजूने निसटणार नाही.