सेप्टिक टाकी घरमालकाची, विहीर मात्र शेजाऱ्याचीही : पेडण्यात मैल्याची व्यवस्था अशी चालते

पेडणे : पणजी, मडगाव, वास्को या शहरांच्या बऱ्याच भागांत घरातला मैला आणि सांडपाणी भूमिगत वाहिनीतून प्रक्रिया प्रकल्पात जातं. पेडणे तालुक्यातल्या सर्वसामान्य घरांना ही सोय नाही. पेडणे शहर असो की कोरगाव, हरमल, मांद्रे, परसातली सेप्टिक टाकी आणि बाजूचा शोषखड्डा हीच इथली व्यवस्था. तेरेखोल नदीपलीकडे सातार्डा, आरोंदा भागातही चित्र फारसं वेगळं नाही.

जिथे वाहिनी आहे तिथे नियम सरळ आहे. गोव्याच्या २००८ च्या मलनिस्सारण कायद्यानुसार वाहिनी उपलब्ध असेल तर जोडणी घेणं मालकाला बंधनकारक आहे. वाहिनी नसेल तर टाकी बांधणं, सांभाळणं, उपसणं सगळं मालकाच्या माथी. नवीन घर बांधताना १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला लागतो, त्यासाठी नकाशात टाकी आणि शोषखड्ड्याची जागा दाखवावी लागते. सरकारी नजर टाकीवर पडते ती बहुतेक तेवढीच. पुढे घर क्रमांक मिळाला की टाकी जमिनीखाली जाते आणि डोक्यातूनही.

खरं तर टाकी म्हणजे नुसता खड्डा नव्हे. भारतीय मानक २४७० नुसार ती गळती नसलेली, किमान १,००० लिटर पाणी मावणारी आणि पाण्याची खोली किमान १ मीटर असलेली हवी. लांबी रुंदीच्या दोन ते चार पट. आत जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर येते आणि मधलं पाणी शोषखड्ड्यात जातं. हे पाणी दिसायला निवळ असलं तरी त्यात रोगजंतू असतातच. ते गाळण्याचं काम माती करते.

पेडण्यात अडचण इथेच आहे. आतल्या गावांत जमिनीखाली जांभा दगड. त्याला भेगा, भोकं भरपूर, त्यामुळे पाणी न गाळताच पुढे सरकतं. मोरजी, मांद्रेच्या किनाऱ्यावर रेती, आणि पाणी थोड्याच खोलीवर. जुलैमध्ये विहिरी काठोकाठ भरतात तेव्हा शोषखड्डाही पाण्यातच असतो. म्हणून मानकाने शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांत किमान १८ मीटर अंतर सांगितलं आहे. आपल्या विहिरीपासून अंतर सगळेच मोजतात. कुंपणापलीकडची शेजाऱ्याची विहीर मोजायची राहून जाते.

टाकी साधारण दोन-तीन वर्षांनी उपसावी. संडास तुंबेपर्यंत वाट पाहिली तर तोवर गाळ शोषखड्ड्यात जाऊन तोही बंद पडलेला असतो. बाजारातली पावडर टाकून उपसा टळत नाही. टँकर बोलावल्यावर दराबरोबरच मैला कुठे खाली करणार हेही विचारावं आणि पावती घ्यावी. पणजीतल्या टोंक प्रकल्पापर्यंत सुमारे ३० किलोमीटर जाण्याचं डिझेल वाचवायला रात्री ओहोळात, शेतात मैला सोडल्याच्या तक्रारी गोव्यात वारंवार झाल्या आहेत.

टाकीत माणूस मात्र उतरवू नये. आतल्या विषारी वायूने माणूस काही क्षणांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरणाराही जातो. संरक्षक साधनांशिवाय कुणाला उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद, २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली.

वाहिनी नसलेल्या गावांनी काय करावं याचं उदाहरण महाराष्ट्रात आहे. वाई (सातारा) आणि सिन्नर (नाशिक) या नगरपरिषदांनी २०१८-१९ च्या सुमारास तक्रारीची वाट न बघता ठरलेल्या वेळापत्रकाने टाक्या उपसायला सुरुवात केली. प्रत्येक घराची पाळी साधारण तीन वर्षांनी. टँकरवाल्याला घरमालक रोख पैसे देत नाही. खर्च स्वच्छता करातून भागवला जातो आणि मैला गावच्याच प्रक्रिया केंद्रात जातो. पेडण्याला यातली टँकरची पाळी उद्या लावता येईल, पण जवळ प्रक्रिया केंद्र नसेल तर भरलेला टँकर जाणार कुठे?

विहिरीच्या पाण्याला वास आला किंवा रंग बदलला तर ते पिणं थांबवावं, आरोग्य केंद्राकडे लेखी तक्रार देऊन पाणी तपासून घ्यावं. टँकर उघड्यावर मैला सोडताना दिसला तर वाहनाचा क्रमांक आणि वेळ टिपून पंचायत किंवा पालिका, तसंच गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावं. ओहोळात वा विहिरीत घाण सोडण्याला १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २४ खाली बंदी आहे.