कूबर पीडी
ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यातील, ओपल खाणींसाठी आणि भूमिगत घरांसाठी प्रसिद्ध असलेले वाळवंटी गाव. लोकसंख्या १,५६६ (२०२१). ते ॲडिलेडच्या उत्तरेस सुमारे ८५० किमी.वर, स्टुअर्ट महामार्गावर वसले आहे.

१ फेब्रुवारी १९१५ रोजी येथे पहिले ओपल हाती लागले, तेही सोने शोधायला आलेल्या टोळीतील विली हचिसन या १४ वर्षांच्या मुलाच्या. पुढे पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक नशीब आजमावायला आले. परिसरात इमारती लाकूड नाही, पाऊस नावापुरता आणि उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर. तेव्हा ज्या कुदळीने ओपल शोधायचे, तिनेच निवारा खोदायचा, ही सोय आपसूक झाली.

या घरांना ‘डगआउट’ म्हणतात. निम्म्याहून अधिक गावकरी त्यांत राहतात. घर म्हणजे खोल विहिरीसारखे काही नसते. टेकडीच्या कुशीत आडवे कोरत जातात, त्यामुळे दार रस्त्याच्या पातळीवरच उघडते. आता हे काम बोगदा खोदणारी यंत्रे करतात. त्यांच्या दात्यांच्या गोलाकार खुणा तांबूस-पांढऱ्या भिंतींवर तशाच ठेवलेल्या दिसतात. धूळ झडू नये म्हणून वर पारदर्शक लेप देतात. फडताळे आणि कोनाडे भिंतीतच कोरता येतात. आणखी एक खोली हवी असेल, तर खोदकाम पुढे न्यायचे.

आतले तापमान वर्षभर २३ ते २५ अंशांच्या आसपास राहते. खिडक्या मात्र दर्शनी बाजूलाच, म्हणून आतल्या खोल्यांत भरदुपारीही दिवे लागतात. हवा खेळती ठेवायला छतातून नळ्या काढतात. टेकडीवरून पाहणाऱ्याला खालच्या वस्तीची खूण तेवढीच.

हॉटेल, संग्रहालय, चर्चही जमिनीखाली आहेत. त्यांपैकी सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च १९९३ मधले. पिण्याचे पाणी कूपनलिकेतून घेऊन क्षार काढून पुरवतात. २०१७ पासून गावाची बरीचशी वीज वारा आणि सूर्यापासून मिळते.

गावाबाहेर उपसलेल्या मातीचे असंख्य ढिगारे आणि उघडे खड्डे पसरलेले आहेत. पाटीच सांगते : पळू नका, मागे सरकू नका. छायाचित्र काढणाऱ्या पर्यटकाने ती अक्षरशः पाळावी.