कोच गावची गाडी

हंगेरीत, व्हिएन्नाहून बुडाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर कोच नावाचं एक खेडं आहे. पंधराव्या शतकात तिथले कारागीर हलक्या, वेगवान घोडागाड्या बांधत. हंगेरियन भाषेत गावाच्या नावापुढे ‘इ’ लावला की ‘त्या गावचा’ असा अर्थ होतो. आपण ‘कर’ लावतो, अगदी तसाच. म्हणून त्या गाडीला लोक ‘कोची सेकेर’ म्हणू लागले, म्हणजे कोचकर गाडी. पुढे ‘गाडी’ गळाली आणि आडनाव तेवढं उरलं. ते जर्मनीत गेलं, फ्रान्समध्ये गेलं, इंग्लंडात ‘कोच’ झालं. स्पेनमध्ये आजही मोटारीला ‘कोचे’च म्हणतात, आणि खुद्द हंगेरीत ‘कोची’. आपल्याकडे ते व्हिक्टोरियाच्या कोचमनबरोबर आलं आणि रेल्वेच्या डब्यावर बसलं. आज कारखान्यात बनणारा नवा डबाही त्या खेड्याचंच नाव सांगतो.

जुन्या राजेशाही मोटारींविषयी बोलताना ‘कोचबिल्ट’ हा शब्द वारंवार कानावर येतो. त्याचं कूळ हे असं घोडागाडीचं आहे. या मोटारी समजून घ्यायच्या तर इंजिनाच्या आधी सुताराकडे जावं लागतं.

लंडनमध्ये गाड्या बांधणाऱ्यांच्या संघाला १६७७ साली राजाची सनद मिळाली. बार्कर हे घराणं १७१०चं, हूपर १८०५चं. मोटार आली तेव्हा या मंडळींच्या हाती लाकूड, पत्रा, कातडं आणि रंग यांची दोनशे वर्षांची विद्या होती. इंजिन बनवणाऱ्यांकडे त्यातलं काहीच नव्हतं. म्हणून कामाची सरळ वाटणी झाली. मोटार कंपनी इंजिन, चाकं, गिअर, रेडिएटर आणि लोखंडी सांगाडा द्यायची. गिऱ्हाईक तो सांगाडा आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडे पाठवायचं, आणि तिथे त्याच्यावर शरीर चढायचं. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत रोल्स-रॉइसचीही हीच रीत होती. १९०७ सालच्या ज्या रुपेरी गाडीमुळे ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नाव जगभर झालं, तिचं शरीर बार्करच्या कारागिरांनी बांधलेलं होतं.

घोडागाडीची भाषा मोटारीत आली ती या वाटेने. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अडवायला पुढे फळी ठोकत, तिचं नाव डॅशबोर्ड. लँडो या गाडीला जर्मनीतल्या एका शहराचं नाव मिळालं. लिमोझिन हा शब्द फ्रान्सच्या लिमूझँ प्रांतातून आला. तिथल्या मेंढपाळांच्या अंगावरच्या जाड घोंगडीशी त्याचं नातं सांगतात. मुंबईच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं टपटपत गेलेली व्हिक्टोरिया हाही आधी एका गाडीचा घाट होता, आणि त्या नावाच्या मोटारीही बांधल्या गेल्या.

सांगाडा एकाचा, शरीर दुसऱ्याचं, ही वाटणी डोळ्यांनी पाहायची असेल तर पुणे-मुंबई रस्त्यावर उभं राहावं. ट्रकची नुसती ‘चासी’ घेऊन निघालेला ड्रायव्हर दिसतो. केबिन नाही, दार नाही, काच नाही. उघड्या सांगाड्यावर बसवलेली एक सीट, तोंडाला गुंडाळलेलं उपरणं, डोळ्यांवर चष्मा. तो ही चासी बॉडी बांधणाऱ्याकडे नेत असतो. शंभर वर्षांपूर्वी डर्बीच्या कारखान्यातून रोल्स-रॉइसचे सांगाडे असेच, सीटपुरते झाकून, चाचणीला बाहेर पडत. मला या दोन दृश्यांत फरक वाटत नाही. आमच्याकडचा बॉडी बांधणारा बार्कर-हूपरच्याच बिरादरीतला आहे, आणि त्याला कोणी तसा मान देत नाही याचं मला वाईट वाटतं.

या साऱ्या रीतीचा एक दिमाखदार नमुना मराठी घराण्याच्या नावावर आहे. नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर झालेल्या घराण्यातले इंदूरचे यशवंतराव दुसरे. माणिकबागेचा अत्याधुनिक राजवाडा बांधून घेणारे, ब्रांकुशीची शिल्पं घेणारे, मॅन रेने ज्यांची छायाचित्रं काढली ते. १९३०च्या दशकाच्या मध्यात त्यांनी अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीकडून एसजे ही चासी घेतली. आठ सिलिंडर एका ओळीत, सुमारे ६.९ लिटरचं इंजिन, वर सुपरचार्जर, आणि कंपनीने सांगितलेली ताकद ३२० अश्वशक्ती. ड्यूसेनबर्गची मूळ ‘जे’ गाडी १९२८ साली बाजारात आली तेव्हा नुसत्या चासीची किंमत ८,५०० डॉलर होती. त्या काळी फोर्डची मॉडेल ए पूर्ण तयार गाडी पाचशे डॉलरच्या आसपास मिळे. इंडियानापोलिसची ही चासी अटलांटिक ओलांडून लंडनला गेली. तिथे गर्नी नटिंगच्या कारखान्यात तिच्यावर लांब नाकाची, उघडी, नारिंगी आणि काळ्या रंगाची बॉडी चढली. मग ती इंदूरला आली. होळकरांची गाडी कोचकरांच्या विद्येने सजलेली!

आता आत काय असतं ते पाहू. मी एकदा एका गॅरेजमध्ये तीसच्या दशकातली एक इंग्रजी बॉडी उघडलेली पाहिली. बाहेरून वाटतं, सगळी पत्र्याची. पत्रा काढला तर आत सुतारकाम. अ‍ॅश नावाच्या झाडाचं लाकूड. हातोड्याचे दांडे करतात ते हेच, धक्का सोसून लवणारं. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला बाभूळ, तसा तिकडे गाडीच्या सांगाड्याला अ‍ॅश. कुसवाचे सांधे, स्क्रू, सरस. त्यावर पत्रा कडेने दुमडून बारीक खिळ्यांनी ठोकलेला. आजार सुरू होतो तो इथेच. दाराच्या खालच्या टोकाला पाणी साचतं, लाकूड कुजतं, दार खाली लोंबतं. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात लोखंडी खिळा असेल तर ओल लागताच दोन धातूंचं भांडण जुंपतं आणि खिळ्याभोवतीचा पत्रा पांढरी भुकटी होऊन गळतो.

त्या दिवशी गॅरेजचे उस्ताद मडगार्डचा एक तुकडा नव्याने घडवत होते. अ‍ॅल्युमिनियम ठोकलं की ताठरतं, आणि पुन्हा मऊ करायला तापवावं लागतं. पण ते लोखंडासारखं लाल होत नाही. रंग न बदलता तापत राहतं आणि अचानक भोक पडतं. म्हणून उस्तादांनी पत्र्यावर कपड्याच्या साबणाची वडी घासली आणि गॅसची ज्योत फिरवू लागले. साबण पिवळा झाला, तपकिरी झाला, काळपट झाला. त्याच क्षणी ज्योत बाजूला. “आता हा पत्रा ऐकतो,” ते म्हणाले. मग वाळूची पिशवी आणि लाकडी मोगरी. शेवटी दोन रोलरांमधून पत्रा मागेपुढे, मागेपुढे. डोळे मिटून तळवा फिरवायचा, जिथे हात अडतो तिथे पुन्हा काम.

लोखंडी पत्र्याचे सांधे भरायची तऱ्हा तर कल्हईवाल्याला पाहताक्षणी कळेल. आधी जागा घासून कथलाचा पातळ हात द्यायचा, मग शिसं-कथलाची कांडी लोण्याइतकी मऊ करून चरबी लावलेल्या लाकडी फळीने लिंपायची. गार झाल्यावर कानस. कागदाने घासायचं नाही, कारण शिशाची धूळ श्वासातून शरीरात जाते.

ही विद्या का बुडाली? अमेरिकेत एडवर्ड बडने पूर्ण पोलादी बॉडी दाबयंत्रावर काढायला सुरुवात केली. वार्निशाचे थर चढायला आठवड्यांवर आठवडे लागत, ते १९२०च्या दशकात ड्यूको रंगाने काही दिवसांवर आणले. मग रोल्स-रॉइसनेच १९४६ साली बेंटली मार्क सिक्सला तयार पोलादी बॉडी दिली. हूपरने १९५९ साली काम थांबवलं. १९६५च्या सिल्व्हर शॅडोमध्ये चासी आणि बॉडी एकजीव झाली, आणि वाटून घ्यायला काही उरलंच नाही.

डागडुजी करणाऱ्यापुढचा खरा पेच मात्र चासी आणि बॉडी वेगळ्या असण्यातूनच सुरू होतो. एकाच चासीवर आयुष्यात दोन-तीन बॉड्या चढलेल्या असतात. पहिल्या महायुद्धात कित्येक आलिशान चासींवर चिलखत चढलं. मग अस्सल गाडी कोणती? भारतात २०२१ साली व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम झाले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा, अशी अट. चासी आणि बॉडी यांचा उल्लेख नियमाने वेगवेगळा केला, हे मला फार आवडलं. दोन घरांचं लग्न आहे हे कायद्यालाही ठाऊक आहे.

माझं मत स्पष्ट आहे. कुजलेलं लाकूड काढावं, पण जेवढं कुजलं तेवढंच. भेगाळलेलं कातडं तेलपाणी करून वाचत असेल तर नवं चढवू नये. आरशासारखा चकचकीत रंग देऊन मिरवण्याचा मोह पैसेवाल्या मालकांना होतो. पण तसा थर चढवताना खालची सगळी साक्ष घासली जाते.

उघडलेल्या त्या बॉडीत, मागच्या दाराच्या खांबावर, पेन्सिलीने एक आकडा लिहिलेला होता. कारखान्यातला कामाचा नंबर. शेजारी सुताराने मापासाठी ओढलेली बारीक रेघ, जरा तिरकी. खांबाचा खालचा वीतभर भाग भुसा झाला होता. सगळा खांब बदलणं सोपं होतं, आणि स्वस्तही. उस्तादांनी तेवढाच भाग कापला, तिरका सांधा घेऊन नवं लाकूड जोडलं, आणि वरच्या आकड्याला हात लागू नये म्हणून त्यावर कापडाची घडी बांधून ठेवली. पत्रा पुन्हा चढला की तो आकडा कोणालाच दिसणार नव्हता. काम संपेपर्यंत त्यांनी ती घडी दोनदा सोडून बांधली.